शिक्का जुळत नाही

१२ डिसेंबर, ताइनान

सकाळी आमच्या चष्म्याच्या दुकानाचं शटर अर्धं वर केलं होतं, तेवढ्यात इनाबा बाईंचा फोन. आई ज्या वृद्धाश्रमात आहे तिथल्या त्या व्यवस्थापक. बाई कधी मुद्द्यावर येत नाहीत. आधी जपानमधल्या आमच्या कुरेसे गावची थंडी, मग माझी तब्येत, मग ताइनानला थंडी पडते का, आणि मग अगदी हळू आवाजात, "तोमोएसान, या महिन्याची आईंची फी खात्यातून वळती झाली नाही हो. बँकेतच काहीतरी गडबड असेल."

बँकेतच होती. माझं नवं कार्ड त्यांनी आमच्या जुन्या घराच्या पत्त्यावर पाठवलं. ते घर विकून दोन वर्षं झाली. विकल्याचे पैसे याच खात्यात आहेत आणि आईची फी त्यातूनच जाते. पत्र परत गेलं, तसं बँकेने खात्याला कुलूप ठोकलं. मला कळवलं का? कळवलं की! त्याच जुन्या पत्त्यावर.

हे सगळं कळायलाच अर्धा दिवस गेला. बँकेचा फुकट बोलायचा नंबर जपानबाहेरून लागत नाही. बँकेची वेबसाइट जपानबाहेर उघडत नाही. शेवटी कुरेसेच्या शाखेचा जुना नंबर मामेबहिणीकडून, कात्सुकोकडून, मिळवला. मुरोई नावाच्या बाई बोलल्या. आवाज इतका नम्र की अंगावर साखर सांडल्यासारखं चिकट वाटायला लागलं.

"ओकिनो मॅडम, सध्या आपला मुक्काम कुठे असतो?"

मी सरळ सांगून टाकलं, तैवानमध्ये, पंचवीस वर्षं झाली.

पलीकडून दातांतून आत ओढलेला श्वास ऐकू आला. स्स्स्स. आमच्या माणसाने असा श्वास ओढला की समजावं, आपलं काम बाराच्या भावात गेलं.

जुंग-यीला सांगितलं तर नवरोबा चष्म्याच्या काचा पुसत हसले. "खरं कशाला बोललीस? कात्सुकोचा पत्ता द्यायचा."

"म्हणजे खोटं बोलू?"

"माणसाशी बोललीस तर खोटं. बँकेशी बोलतात त्याला फॉर्म भरणं म्हणतात."

१४ डिसेंबर

आज सगळं नीट समजून घेतलं. उद्या रागात विसरायला होईल, म्हणून इथे लिहून ठेवते.

देशाबाहेर राहणाऱ्याचं खातं बँकेला नको असतं. ते चालू ठेवायचं असेल तर देशातला एक माणूस 'संपर्कव्यक्ती' म्हणून नेमायचा आणि त्या अर्जावर बँकेत नोंदवलेला शिक्का मारायचा. सही नाही, शिक्काच. कात्सुको संपर्कव्यक्ती व्हायला तयार आहे. आईची हमीदार व्हायला मात्र ती तयार नाही. तिच्या नवऱ्याने एकदा मित्रासाठी हमी दिली होती आणि त्यात त्यांची मासेमारीची होडी गेली. मी तिला दोष देत नाही.

आणि हमीदाराशिवाय आई तिथे राहू शकत नाही. इनाबा बाईंनी आडून आडून सांगितलं, पण सांगितलं. मार्चअखेर सगळ्यांचे करार नवे होतात. हमीदाराचं देशात चालू खातं हवं. नसेल तर खोली जाणार आणि आईला डोंगरापलीकडच्या सरकारी आश्रमात हलवणार, एका खोलीत सहा जणी. आईच्या आताच्या खिडकीतून बोटींचा धक्का दिसतो. माझा चेहरा तिला कधी ओळखू येतो, कधी नाही. पण बेटांवर जाणाऱ्या बोटी ती भोंग्यावरून ओळखते. डोंगरापलीकडे ती काय ओळखणार?

म्हणजे सगळा प्रश्न एका शिक्क्याचा आहे. तो माझ्याकडे आहे. शाळेतून बाहेर पडताना भेट मिळालेला, 'ओकिनो' कोरलेला. अर्जावर मारला आणि पाठवून दिला.

१९ डिसेंबर

आईशी व्हिडिओवर बोलले. तिथल्या मुलीने फोन आईसमोर धरला तर आधी पाच मिनिटं फक्त आईचं कपाळ दिसत होतं.

"कोण?" आई म्हणाली.

"मी, तोमोए."

"तोमोए आत आहे," आई म्हणाली आणि मांडीवरची छोटी लाकडी पेटी कानाशी नेऊन हलवली. कडकड, कडकड. मग समाधानाने मान डोलावली. "आहे."

ती पेटी! घर रिकामं करताना कात्सुकोला कपाटात सापडली होती. काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी, हलक्या लाकडाची. माझी नाळ आहे तिच्यात. आमच्याकडे आया नाळ वाळवून जपून ठेवतात, आणि त्याचं कौतुक करतात. कात्सुको म्हणाली, "बघ तरी उघडून," आणि मी दोन पावलं मागे सरकले. पन्नास वर्षांपूर्वीचं वाळकं मांस! आईच्या सामानात टाकायला सांगितलं आणि हात धुतले, खरं तर मी पेटीला हात लावलाही नव्हता.

आता आई ती दिवसभर मांडीवर घेऊन बसते. ती हलवते तेव्हा आत काय खडखडतंय हे मनात येतं आणि मी फोनचा आवाज कमी करते. मी पडद्यावर समोर बसलेली, आणि ही म्हणते तोमोए आत आहे.

३० डिसेंबर

अर्ज परत आला. नम्र पत्रासोबत. 'आपण मारलेला शिक्का आमच्याकडील नोंदीशी जुळत नाही.'

मी फोन केला. "मग तुमच्याकडे कोणता आहे?"

"ते सांगता येत नाही, मॅडम. सुरक्षेचा प्रश्न आहे."

"निदान गोल की चौकोनी?"

स्स्स्स. "क्षमा असावी."

म्हणजे मी घरातले सगळे शिक्के एकेक करून पाठवायचे आणि त्यांनी एकेक करून परत धाडायचे. यालाच म्हणतात उंटावरून शेळ्या हाकणं, आणि उंट कोण तर मी.

जुंग-यीने स्वतःचा 'लिआव' आडनावाचा शिक्का काढून टेबलावर ठेवला. "हा पाठव. तुझा नवरा आहे मी. माझाही काही हक्क आहे की नाही?" नंतर म्हणाला बटाट्यावर कोरून देतो. मी हसले नाही. तो स्वतःच बराच वेळ हसत होता.

उद्यापासून त्यांची नव्या वर्षाची सुट्टी.

९ जानेवारी

आईला विचारलं. तिला काही आठवेल अशी आशा नव्हती. खातं तिनेच उघडलेलं, मी पहिलीत असताना. फी वळती करायच्या फॉर्मवर दोन वर्षांपूर्वी शिक्का तिनेच मारलेला. तेव्हा तिचं डोकं बरं होतं, आणि मी तिच्या अंथरुणांची सोय करत दुकानादुकानांतून फिरत होते.

"आई, बँकेचा शिक्का कोणता?"

"पुलाखालचा," ती म्हणाली. "महाग दिला मेल्याने. म्हटलं आडनाव नको. तरी पैसे तेवढेच."

पुलाखाली पूर्वी शिक्के कोरणारा एक म्हातारा बसायचा, हे खरं आहे. पण आईचं सगळं असंच असतं. एक दाणा खरा, बाकी भुसा. आडनाव नसलेला शिक्का बँकेत घेऊन कोण जातं? मी विषय बदलला.

कात्सुकोने वडिलांचा शिक्का शोधून पाठवला आहे. शिवाय टपाल घ्यायला दारात ठेवायचो तो एक. दोन्ही नव्या अर्जांवर मारून पाठवले. अर्ज दोन, म्हणजे ओळखपत्रांच्या प्रतीही दोन.

२४ जानेवारी

दोन्ही परत. 'जुळत नाही.' यावेळी पाकिटात कागदी रुमालाचं छोटं पाकीटही होतं, बँकेचं नाव छापलेलं, नव्या वर्षाची भेट. माझं खातं गोठवून मला नाक पुसायला कागद पाठवतात. जुंग-यीने दुकानात त्या कागदाने गिऱ्हाइकाच्या चष्म्याच्या काचा पुसल्या. ओरखडे पडले.

२ फेब्रुवारी

शिक्का हरवला असं जाहीर करायचा एक मार्ग आहे. मग नवा नोंदवता येतो. त्यासाठी जपानमधल्या राहत्या पत्त्याचा दाखला लागतो. मी तिथे राहत नाही, म्हणूनच तर हा सगळा तमाशा आहे. पासपोर्ट चालेल का? नवा चालत नाही, त्यावर पत्ता नसतो. मी म्हटलं, पासपोर्टवरून मी कोण हे तर कळतं? मुरोई बाई म्हणाल्या, "आपण कोण हे कळतं, मॅडम. आपण कुठल्या हे कळत नाही."

हे वाक्य दिवसभर दातात अडकलेल्या माशाच्या काट्यासारखं टोचत राहिलं.

तर परदेशातल्या माणसाने सहीचा दाखला आणायचा. काओशुंगला आपल्या जपानचं कार्यालय आहे, तिथे गेले. समोर सही केली, बोटांचे ठसे दिले, दाखला मिळाला. तिथला माणूस चांगला होता. जाताना म्हणाला, "बँकेसाठी ना? धीर धरा हं."

तो असं का म्हणाला ते कळलं नाही.

१३ फेब्रुवारी

कळलं. बँकेच्या नियमात लिहिलंय, दाखला दूतावासाचा किंवा वकिलातीचा हवा. तैवानमध्ये आपला दूतावास नाही, सगळ्या जगाला माहीत आहे. त्याची सगळी कामं हेच कार्यालय करतं. पासपोर्ट तेच देतं, मतदान तेच घेतं. पण त्याच्या नावात 'दूतावास' नाही.

"मॅडम, मुख्य कचेरीकडे विचारणा केली आहे. निर्णय बहुधा एप्रिलमध्ये होईल."

"आईला मार्चअखेर बाहेर काढतील."

"हो का," मुरोई बाई म्हणाल्या. आणि पहिल्यांदाच त्या आवाजातली साखर थोडी कमी झाली. "माझ्या सासूबाईपण तिथेच आहेत. दुसऱ्या मजल्यावर."

मग पुन्हा, तसदीबद्दल क्षमस्व वगैरे.

मला बँकेचा राग येतो हे खरं, पण त्याहून जास्त उबग येतो तो या गोड बोलण्याचा. इथे ताइनानच्या बँकेतली पोरगी गिऱ्हाइकावर खेकसते, पण काम करून हातावर ठेवते. तिकडे कमरेत वाकून वाकून नाही म्हणतात. मी पण तसंच बोलत असे का पूर्वी? जुंग-यी म्हणतो, अजून बोलतेस, भांडण झालं की.

२० फेब्रुवारी

इथून पैसे थेट आश्रमाच्या खात्यात पाठवून पाहिले, निदान फी तरी जावी म्हणून. परत आले. 'रक्कम पाठवण्याचा हेतू स्पष्ट होत नाही.' हेतूच्या रकान्यात मी 'आई' लिहिलं होतं. कात्सुकोने आपल्या खिशातून भरली बिचारीने. मी मिठाई पाठवते म्हटलं तर म्हणाली, "मिठाई नको, तू ये. तू समोर उभी राहिलीस की तेही सरळ येतील."

१० मार्च

तिकीट काढलं. हाताशी असलेले चारही शिक्के घेतले. शाळेचा, वडिलांचा, टपालाचा, आणि एक स्वस्त दुकानातला, कुठून आला आठवत नाही. सगळे 'ओकिनो'. कागदावर ठसे पुसट उठले असतील, समोर नेले तर यातला एक तरी जुळेलच.

लग्नात आई आली नव्हती. मी ताइनानला लग्न करते म्हणून फोन केला तेव्हा एवढंच म्हणाली, "मग आता तू तिकडची." त्यावर तिने कधी काही विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पंचवीस वर्षांत ती एकदाही इकडे आली नाही. आणि मी काय करतेय? तिच्या खिडकीसाठी चार लाकडी तुकडे रुमालात बांधून विमानात बसतेय.

२६ मार्च, कुरेसे



बँक तीच आहे. फक्त खुर्च्या नव्या आणि टेबलावर लिंबाच्या गोळ्यांची वाटी. मुरोई बाई माझ्याच वयाच्या. त्यांचा चष्मा सारखा नाकावरून घसरत होता, डावी दांडी वाकलेली. एरवी अशी दांडी दिसली की माझा हात आपोआप पुढे जातो. आज गेला नाही.

निळ्या तबकात पहिला शिक्का ठेवला. त्या आत गेल्या, आल्या. "फार वाईट वाटतं, पण जुळत नाही."

दुसरा. आत गेल्या, आल्या. "जुळत नाही."

तिसऱ्याला मी म्हटलं, "सगळे एकदमच न्या की आत."

"एका वेळी एकच तपासायचा नियम आहे, मॅडम."

चौथाही जुळला नाही. माझ्यामागे रांगेत बसलेली म्हातारी गोळी चोखत तमाशा बघत होती. मी आवाज चढवला. या देशात, या गावात, मी पहिल्यांदाच असा आवाज चढवला असेन. म्हटलं, "हे खातं माझं आहे. ही मी उभी आहे. माझ्या वर्गातली दोन माणसं आत काम करतात, त्यांना विचारा. अजून काय कापून देऊ?"

मुरोई बाई घाबरल्या नाहीत. त्यांनी चष्मा वर ढकलला आणि हळूच म्हणाल्या, "मॅडम, नोंदीतला शिक्का खातं उघडतानाचा नाहीच. मध्ये बदललेला आहे."

"कधी?"

स्स्स्स. त्या आत जाऊन साहेबांना विचारून आल्या. "तारीख सांगायला हरकत नाही म्हणाले." आणि त्यांनी तारीख सांगितली. पंचवीस वर्षांपूर्वीचा डिसेंबर. माझं लग्न त्याआधीच्या नोव्हेंबरात झालं.

"मी तेव्हा ताइनानला होते. माझा शिक्का कोणी बदलला?"

"त्या काळी घरच्या माणसाने पासबुक आणि जुना शिक्का आणला की..."

"म्हणजे तेव्हा कोणीही चालत होतं, आणि आज मी स्वतः चालत नाही?"

"तसदीबद्दल," त्या म्हणाल्या आणि तिथेच थांबल्या. पुढचा शब्द त्यांनाही जड गेला असावा.

कोणी बदलला हे विचारायचीसुद्धा गरज नाही. लग्नाला यायला वेळ नव्हता. पण महिन्याभरात बँकेत जाऊन माझ्या खात्यावरून माझा शिक्का काढायला वेळ होता. मी तिकडची झाले ना! इतकी वर्षं मला वाटत होतं आई नुसती रुसली आहे. तिने तर कागदोपत्री निकाल लावून टाकला होता. शिसारी आली, बँकेची, आईची, या गावाची. कात्सुकोच्या घरी कालव्यांचा भात केला होता, मी तो तसाच बाजूला सरकवला.

२७ मार्च

जे झालं ते क्रमाने लिहिते, नाहीतर मलाच उद्या खरं वाटायचं नाही.

सकाळी आश्रमात गेले. आई खिडकीपाशी. मला बघून म्हणाली, "ताई, चहा गार झाला." मला तिथली कामवाली समजली. मी चहा बदलून आणला, समोर बसले आणि विचारलं. गोड बोलले नाही.

"माझा बँकेचा शिक्का कुठे टाकलास?"

"कोणाचा?"

"माझा. तोमोएचा. लग्न झाल्यावर बदललास तो."

"तोमोए आत आहे," ती म्हणाली आणि पेटी हलवली. कडकड.

मी तिच्याइतक्या जवळ बसून तो आवाज कधी ऐकला नव्हता. फोनवर काहीही खडखडतं. पण खोलीत, कानाजवळ, तो लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज होता. वाळक्या नाळेचा असा आवाज कसा येईल? ती तर कापसात गुंडाळतात.

"आई, दे बघू."

ती देईना. दोन्ही हातांनी छातीशी धरली. मी तिची बोटं एकेक करून सोडवली. इतकी किळस वाटत होती की तोंड फिरवून झाकण काढलं. मग बघितलं. पिवळा पडलेला कापूस, त्यात ते काळपट वेटोळं, सुकलेल्या आल्याच्या तुकड्याएवढं. आणि त्याच्याशेजारी एक बारका शिक्का. टोकाशी लाल शाई वाळलेली. त्यावर आमच्या चित्रलिपीतलं एकच अक्षर, माझं अख्खं नाव त्यात मावतं. तोमोए. ओकिनो नाही, काही नाही, नुसती तोमोए.

"आडनाव का काढलंस?" मी ओरडलेच. "मला घराबाहेर काढायचं होतं तर तोंडावर सांगायचंस!"

आईने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी पहिलीत आहे आणि दप्तर विसरून आले आहे.

"वेडी का काय तू? पोरीचं आडनाव लग्नानंतर राहतं होय? तो शिक्केवाला मला विचारतो, नवं आडनाव काय घालू. आता त्या पोराचं आडनाव कसं लिहितात मला काय ठाऊक! लाजच वाटली, जावयाचं आडनाव येत नाही म्हणायला. म्हटलं नुसतं तोमोए कोर. आडनाव शंभर वेळा बदलो, नाव कोण बदलतंय? पोरगी कधी आली, पैसे लागले, तर बँकेत हेलपाटे नकोत तिला."

मग ती बोटीकडे बघायला लागली.

माझं आडनाव बदललंच नाही. परक्या देशाच्या माणसाशी लग्न केलं तर आमच्याकडे ते आपोआप बदलत नाही. मी अजून ओकिनोच आहे, पासपोर्टवरही. आईला हे कोणी सांगितलं नाही. तिच्या माहितीतल्या सगळ्या पोरींची आडनावं बदलली, म्हणून माझंही बदललं असणार असं धरून ती तेव्हाच्या तिच्या मासळी कारखान्यातली पाळी संपल्यावर, माशाच्या वासाच्या हातांनी, पुलाखाली गेली आणि तिथून बँकेत. मला हेलपाटे पडू नयेत म्हणून! आणि त्याच शिक्क्यापायी मी डिसेंबरपासून हेलपाटे घालते आहे.

मी हसले की रडले ते सांगता येत नाही. इनाबा बाई धावत आल्या, म्हणजे आवाज मोठा झाला असावा.

२८ मार्च

निळं तबक. मुरोई बाई आत गेल्या. आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बघूनच कळलं, तरी त्यांनी खुर्चीत नीट बसून, दोन्ही हात टेबलावर ठेवून सांगितलं, "ओकिनो मॅडम, जुळला."

मागून टाळी ऐकू आली. परवाचीच म्हातारी. रोज येते की काय कोण जाणे.

कुलूप निघालं. कात्सुको संपर्कव्यक्ती झाली. इनाबा बाईंना बँकेतूनच फोन केला, आईची खोली राहिली. मग मुरोई बाईंनी सुरक्षेबद्दल जे काय बजावायचं ते बजावलं, शिक्का जिवापाड जपा, संपर्कव्यक्तीची नोंद दरवर्षी मार्चमध्ये नवी करायची, तेव्हा हाच लागेल, टपालाने पाठवू नका. आणि माफी मागितली. मी म्हटलं, "ते राहू द्या. चष्मा काढा बघू." दांडी दोन बोटांनी सरळ करून दिली, नाकावरचे टेकू थोडे दाबले. त्यांनी मान हलवून पाहिली, घसरला नाही. बँकेबद्दल माझं मत काही बदललेलं नाही. बाई बरी आहे.

२९ मार्च

आज परत निघायचं. सामान घेऊनच आश्रमात गेले, शिक्का पर्समध्ये.

इनाबा बाई दारातच भेटल्या. काल दुपारपासून आई जेवली नाही म्हणाल्या. पेटी हलवते, कानाशी नेते, पुन्हा हलवते. "काल मी सांगितलं तोमोए येऊन गेली. तर म्हणाल्या, हो, गेली ना, आवाजच येत नाही."

आत गेले. आईने मला ओळखलं नाही. ती पेटी माझ्यापुढे धरून म्हणाली, "ताई, बघा हो जरा. माझी पोरगी यात होती."

हा शिक्का ताइनानला न्यायला हवा. दरवर्षी लागणार. डोकं ठिकाणावर असलेलं माणूस तो बिछान्यातल्या म्हातारीकडे ठेवणार नाही. तो हरवेल, कोणी केराबरोबर फेकेल, आणि मग पुन्हा जुळत नाही, क्षमस्व, दूतावास, एप्रिल. हे सगळं मनात आलं. मी पेटी उघडली. ते वेटोळं हातानेच थोडं बाजूला सरकवलं. किळस वाटली नाही असं लिहिलं तर खोटं होईल. वाटली. शिक्का त्याच्याशेजारी ठेवला आणि झाकण लावलं.

आईने पेटी कानाशी नेली. कडकड.

"आहे," ती म्हणाली आणि गार झालेली पेज स्वतःच्या हाताने ओढून घेतली.

विमानतळावरून जुंग-यीला फोन केला. त्याने पहिलं तेच विचारलं, "शिक्का नीट घेतलायस ना?"

म्हटलं, नाही. तो तिथेच राहील. दरवर्षी मार्चमध्ये मी इथे येऊन मारून जाईन.

"टपालाने चालत नाही?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "बँकेचा नियम आहे."